तव्यावरची मशेरी आणि सरकारचे धोरण

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून आरोग्य सदरात झालेले हे भाषण. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, म्हणून बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



पहाटे कुणाच्या तरी चुलीवर तवा तापतो, त्यावर तंबाखू पडते आणि अख्ख्या आळीला ठसका लागतो. तंबाखू काळी झाली की हाताने चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावून उंबऱ्यावर बसायचं. हे चित्र आपल्यापैकी कुणाला नवीन आहे? आमच्या रेडिओच्या गटातल्याच दोघी गेल्या वर्षापर्यंत मशेरी लावत होत्या. तेव्हा आज आम्ही तुम्हाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. आपल्याच घरातली गोष्ट आपण आपल्यात बोलणार आहोत.

मात्र आज "मशेरी सोडा" एवढंच सांगून आम्ही थांबणार नाही. ते तुम्ही दवाखान्यात ऐकलंय, आशाताईंकडून ऐकलंय, पुडीवरच्या चित्रातही पाहिलंय. तरी सवय सुटत नाही, कारण प्रश्न एकट्या बाईच्या मनाच्या जोरावर सुटणारा नाही. तंबाखू किती स्वस्त मिळते, किती जवळ मिळते, पोराच्या हातात कोण देतं, तोंड तपासायला कोण येतं, हे सगळं धोरणाने ठरतं. आणि धोरण बदलून घ्यायला आपल्याला मागणी करता आली पाहिजे. आजचं बोलणं त्या मागणीबद्दल आहे.

आधी आकडे, मग गाऱ्हाणं

सरकारने २०१६-१७ साली देशभर प्रौढांची तंबाखू पाहणी केली. त्यात महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ २७ मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळली. पुरुषांत शंभरातले सुमारे ३५, बायकांत शंभरातल्या १७. आपल्या राज्यात ओढणारे थोडे आणि खाणारे, चोळणारे, लावणारे फार. बायकांमध्ये तर बहुतेक सगळी बिनधुराचीच तंबाखू.

आता याच्या आधीची पाहणी बघा. ती २००९-१० साली झाली होती. तेव्हा पुरुषांत हे प्रमाण साडेबेचाळीस होतं, ते सात वर्षांत साडेपस्तिसावर आलं. बायकांत ते जवळजवळ १९ होतं, ते १७ वर आलं. म्हणजे पुरुषांत सात टक्क्यांची घट आणि आपल्यात दोनाचीच.

असं का झालं असावं? आम्हाला वाटतं ते असं. मधल्या काळात जाहिराती, सिगारेट, गुटखा, सार्वजनिक जागी ओढणं, या सगळ्यावर काही ना काही बोललं गेलं, बंधनं आली. मशेरी मात्र घरात भाजली जाते, घरात लावली जाते. तिच्याकडे कुणी व्यसन म्हणून बघतच नाही. सासू सुनेला देते, आई लेकीला. दात दुखला तर मशेरी, पोट साफ होत नाही तर मशेरी, रोजंदारीवर दुपारपर्यंत भूक मारायची तर मशेरी. दात घासण्याच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालून विकायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. पण घरच्या तव्यावरची मशेरी कुठल्या कारखान्यात बनत नाही, त्यामुळे तो नियम तिच्यापर्यंत पोचत नाही.

मशेरी करते काय?

तंबाखूत निकोटीन असतं. त्यानेच तलफ येते. सकाळी मशेरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही असं आपण म्हणतो, तेही खोटं नाही. निकोटीनने आतड्याला चालना मिळते आणि शरीराला त्याचीच सवय लागते. पण त्याच तंबाखूत कॅन्सर करणारी द्रव्यंही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने बिनधुराच्या तंबाखूला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकलं आहे. सुपारीही त्याच वर्गात आहे. म्हणून "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खाते" हा उपाय नव्हे.

पोटातल्या बाळालाही ही झळ लागते. मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी किंवा तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन न घेणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. आपल्याकडे अशक्त आईच्या पोटी आधीच लहान बाळं जन्माला येतात. त्यात हे शंभर ग्रॅम फार महाग पडतात.

तोंडाच्या कॅन्सरची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. तो डोळ्यांना दिसतो. उजेडात आरसा धरा आणि महिन्यातून एकदा स्वतःचं तोंड बघा. ही लक्षणं लक्षात ठेवा:

– गालाच्या आत, जिभेवर किंवा हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा.
– दोन आठवड्यांत बरं न होणारं तोंड येणं किंवा जखम.
– तोंड नीट न उघडणं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवायला हवं.
– तिखट अजिबात न सोसणं, विनाकारण रक्त येणं, दात हलणं.
– गिळताना त्रास, आवाज बसलेला राहणं, मानेला गाठ.

चट्टा दिसला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पण चट्ट्याच्या वेळी गेलेली बाई आणि गाठ फुटल्यावर गेलेली बाई यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आमच्या शेजारच्या गावातल्या गटाची एक वहिनी सहा महिने "उष्णतेने तोंड आलंय" म्हणून तूप लावत राहिली. जवळच्या दवाखान्यात दोनदा गेली, दोन्ही वेळा तोंडात न बघताच गोळ्या मिळाल्या. जिल्ह्याच्या गावी पोचली तेव्हा उशीर झाला होता. चूक तिची होती का? तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि बघणाऱ्याने बघितलं नव्हतं. असं पुन्हा कुणाचं होऊ नये, म्हणूनच आपण धोरणाकडे वळायचं.

कायद्याने फरक पडतो का?

पडतो. एसटीतला जुना प्रवास आठवा. पुढच्या बाकावर बिडी पेटलेली, मागे लेकरू मांडीवर खोकतंय आणि कुणी काही बोलायचं नाही. मुंबईचे मुरली देवरा या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. पुढे २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले. आज एसटीत कुणी बिडी पेटवली तर सगळी गाडी त्याच्यावर ओरडते. माणसं तीच आहेत. नियम बदलला आणि हळूहळू रीत बदलली.

आज आपल्या हाताशी काय काय आहे, ते पाठ करून ठेवू.

एक, १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही. मुलाच्या हातून विकवूनही घेता येत नाही. दुकानावर तसा फलक हवा.

दोन, शाळा-कॉलेजच्या आवारापासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर.

तीन, बाल न्याय कायदा, २०१५. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चार, पाकिटावर चित्रासह इशारा. एप्रिल २०१६ पासून तो पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापावा लागतो.

पाच, गुटखाबंदी. महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैमध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती केली. पुढे सुगंधी तंबाखूवरही बंदी आली.

सहा, सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे.

ऐकून वाटेल, एवढं सगळं आहे तर अडलं कुठे?

अडलं कुठे?

पहिली अडचण दंडाची. शाळेजवळ तंबाखू विकली तर केंद्रीय कायद्यात दंड आहे २०० रुपयांपर्यंत. ही रक्कम २००३ सालची. तेव्हापासून तेलाचा डबा कुठे गेला, गॅस कुठे गेला, ते आपण जाणतो. दंड मात्र तिथेच. शेजारच्या कर्नाटकाने आपल्या राज्यापुरता कायदा दुरुस्त केला, दंड १००० रुपयांपर्यंत नेला आणि विक्रीसाठी वयाची अट १८ वरून २१ केली. त्यांना जमलं तर आपल्याला का नाही?

दुसरी अडचण पळवाटेची. गुटखा बंद झाला, तर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी येऊ लागली. गिऱ्हाईक हातावर दोन्ही एकत्र करतं. शिवाय बंदी कागदावर असली तरी माल चोरून येतो, हे कुठल्याही टपरीवर कळतं. विदर्भातल्या बहिणींना खर्रा माहीत आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना डोळ्यांदेखत घोटून देतात.

तिसरी अडचण किमतीची. तंबाखू महाग झाली की गरीब माणूस आधी कमी करतो आणि कोवळी पोरं सुरूच करत नाहीत, हे अनेक देशांत दिसलं आहे. म्हणून किरकोळ किमतीत निदान ७५ टक्के कर असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिगारेटच्या मानाने बिडी आणि तंबाखूची पुडी स्वस्तच राहते. नेमकी गरिबाच्या घरात जाणारी वस्तूच स्वस्त.

इथे कुणी म्हणेल, "कर वाढला तर आमच्या म्हाताऱ्याचा खर्च वाढेल." खरं आहे, पण आज काय चाललंय? २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूच्या आजारांपायी आणि मरणांपायी देशाचं एक लाख ७७ हजार कोटी रुपयांचं नुकसान झालं, असा हिशेब मांडला गेला आहे. त्यातला आपला वाटा आपण विकलेल्या गाईत, गहाण टाकलेल्या पाटल्यांत आणि मोडलेल्या बचतीत दिसतो.

चौथी अडचण तपासणीची. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी व्हावी, असा सरकारचा कार्यक्रम आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. पण फॉर्म भरला म्हणजे तोंडात बॅटरी टाकून बघितलं असं होत नाही. आणि गरोदर बाईला "मशेरी लावता का?" हा प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारला जातोच असंही नाही.

आम्ही दोरी घेऊन गेलो तेव्हा

एक अनुभव सांगतो. आमच्या एका गावात गटाच्या बायकांनी ९१ मीटर सुतळी मोजून घेतली आणि शाळेच्या फाटकापासून चालायला लागल्या. सुतळी संपायच्या आत तीन टपऱ्या. तिन्हींवर पुड्यांच्या माळा, माळांच्या खालीच गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या. पोरगं चॉकलेटला हात घालतं तेव्हा डोळ्यांसमोर पुडी लटकलेली असते.

तक्रार अर्ज दिला. एका कार्यालयाने सांगितलं, हे आमच्याकडे नाही, तिकडे जा. तिकडच्यांनी पुन्हा इकडे पाठवलं. दीड महिना गेला. मधेच कळलं की तिसरी टपरी आपल्याच गटातल्या एका बहिणीची आहे. नवरा गेलेला, दोन मुली शिकणाऱ्या आणि टपरीतल्या रोजच्या विक्रीत निम्मी तंबाखू. बैठकीत ती म्हणाली, "ताई, पुड्या काढते. पण उद्या चूल कशी पेटवू, ते पण सांगा."

सगळ्या गप्प झाल्या. मग गटाने तिला अंतर्गत कर्ज दिलं. तिने वह्या, पेन, रबर, भाजीपाला ठेवायला सुरुवात केली. पहिले तीन महिने ओढाताण झाली. आजही तंबाखूएवढा पैसा सुटत नाही, हे ती स्पष्ट सांगते. पण टपरी चालू आहे. बाकी दोघांनी ग्रामसभेत ठराव झाल्यावर जागा बदलली.

यातून आम्ही एक शिकलो. नुसतं बंद करा म्हणणं अर्धी मागणी झाली. सोलापुरात, सिन्नर-संगमनेरकडे हजारो बायकांचं घर बिड्या वळून चालतं. त्या बायका दिवसभर तंबाखूची धूळ छातीत घेतात आणि मजुरी हजार बिड्यांमागे मोजून मिळते. निपाणी भागातला शेतकरी तंबाखू पिकवतो. धोरण मागताना या सगळ्यांना दुसरं काम आणि दुसरं पीक मिळावं, हेही मागायला हवं. नाहीतर एका बाईचं तोंड वाचवताना दुसरीची भाकरी जाईल.

तर मागायचं काय?

राज्य सरकारकडे आमच्या सात मागण्या आहेत. तुमच्या गटात यावर चर्चा करा, त्यात भर घाला.

१. तंबाखू विकायला स्थानिक संस्थेचा वेगळा परवाना असावा. परवान्याच्या दुकानात गोळ्या, बिस्किटं, चिप्स विकू नयेत. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली राज्यांना हेच सुचवलं आहे. परवाना असला की नियम मोडणाऱ्याचा तो रद्द करता येतो.

२. कर्नाटकासारखी दुरुस्ती करून दंड वाढवावा आणि विक्रीचं वय २१ करावं.

३. जीएसटी परिषदेत राज्याचे मंत्री बसतात. त्यांनी तिथे बिडी आणि खाण्याच्या तंबाखूवरचा कर वाढवण्याची बाजू घ्यावी, आणि त्यातला ठरलेला भाग कॅन्सर तपासणीला व बिडी कामगारांच्या पर्यायी रोजगाराला द्यावा.

४. वजनावर सुटी विकली जाणारी तंबाखू बंद व्हावी. मशेरीची तंबाखू बहुतेक अशीच येते. तिच्यावर ना चित्र, ना इशारा.

५. प्रत्येक उपकेंद्रात महिन्याला ठरलेल्या दिवशी तोंड तपासणी, आणि ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य. चट्टा दिसलेल्या बाईला पुढे पाठवलं तर ती पोचली का, याची नोंद.

६. गरोदरपणाच्या प्रत्येक तपासणीत मशेरीचा प्रश्न आणि सोडण्यासाठी समुपदेशन. समुपदेशनाची वेळ मजुरीवर जाणाऱ्या बाईला जमेल अशी.

७. गुटखाबंदीची कारवाई टपरीवाल्यावर थांबू नये. माल पुरवणाऱ्यापर्यंत जावी.

सुरुवात आपल्या गावातून

मंत्रालय लांब आहे, पण ग्रामसभा जवळ आहे. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथे ठराव मांडा. मजकूर असा ठेवता येईल:

"आमच्या गावातील शाळा व अंगणवाडी परिसर तंबाखूमुक्त करावा. शाळेपासून ९१ मीटरच्या आतील तंबाखू विक्री बंद करावी. शाळेच्या फाटकावर तसा फलक लावावा. गावात दर तीन महिन्यांनी तोंड तपासणी शिबिर घेण्याची विनंती प्राथमिक आरोग्य केंद्रास करावी. वरील सात मागण्या राज्य शासनाकडे पाठवाव्यात."

ठराव तोंडी ठेवू नका. इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षाला, एक पोलीस ठाण्याला आणि एक आपल्या आमदारांना द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. गुटखा विकताना दिसला तर अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करा. एकट्या बाईने नाव देण्यापेक्षा गटाच्या लेटरहेडवर, सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज गेला तर कुणा एकीवर राग येत नाही. दारूचं दुकान बंद करण्यासाठी बाटली आडवी करणाऱ्या बायका याच राज्यातल्या आहेत. तंबाखूसाठी मतदानाची तशी सोय नाही, पण सह्यांचा जोर तोच आहे.

आणि डबीचं काय?

मागणी करणाऱ्या बाईच्या कनवटीला मशेरीची डबी असेल तर? असू दे. तिने मागणी करावीच. तिच्याइतकं या सवयीचं दुखणं कुणाला कळणार?

सोडायची असेल तर दिवस ठरवा आणि गटातल्या एकीला सांगून ठेवा. सुरुवातीचे काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. कोमट पाणी, पालेभाजी, पेरू यांनी आराम पडतो. तलफ आली की ती काही मिनिटं टिकते. तेवढ्यात बडीशेप चघळा, तोंड धुवा, कामाला लागा. सुपारीला हात लावू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे: १८००-११-२३५६. पाकिटांवरही तो छापलेला असतो. पुन्हा एखाद्या दिवशी बोट डबीत गेलं तर सगळं संपलं असं समजू नका, परत दिवस ठरवा.

आमच्या गटातल्या त्या दोघींपैकी एकीची डबी सुटली, दुसरीची तिसऱ्यांदा ठरली आहे. तिच्या सुनेने मात्र अजून मशेरीला बोट लावलेलं नाही, आणि ते लागू नये म्हणून सासूच राखण करते.

पुढच्या महिन्यात तुमच्या गावात महिला ग्रामसभा असेल. सुतळी मोजून ठेवा. ९१ मीटर.

नमस्कार.